जुन्या शहराच्या चित्रफिती: डब्यातल्या रिळापासून पडद्यापर्यंत

चौकटवाला

सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटची १९०६ची फीत बहुतेकांनी पाहिली असेल. केबल कारच्या तोंडाशी कॅमेरा लावून माइल्स बंधूंनी सरळ रस्ता चित्रित केला. घोडागाड्या, मोटारी, सायकली, मध्येच आडवी पळणारी पोरं आणि शेवटी फेरी बिल्डिंगचं घड्याळ, सुमारे तेरा मिनिटं. ही फीत आधी १९०५ची मानली जात होती. डेव्हिड कीन यांनी रस्त्यातली पाण्याची डबकी, त्या दिवसांच्या हवामानाच्या बातम्या आणि मोटारींच्या नंबरांच्या नोंदी ताडून ती एप्रिल १९०६ची, म्हणजे १८ एप्रिलच्या भूकंपाच्या अवघ्या काही दिवस आधीची असल्याचं दाखवलं. नीट पाहिलं तर त्याच त्या मोटारी कॅमेऱ्याला वळसा घालून पुन्हा पुन्हा पुढे येताना दिसतात. म्हणजे रस्त्यावरची वर्दळ काही अंशी मुद्दाम केलेली आहे.

डबकं, नंबरप्लेट, मोटारीचं मडगार्ड. चौकटीच्या कडेला पडलेल्या असल्या गोष्टींसाठीच या फिती मोलाच्या आहेत आणि 'फोर-के, रंगीत, साठ फ्रेम'च्या नादात नेमक्या त्याच पहिल्यांदा पुसल्या जातात. माझ्या मते पुनरुज्जीवन म्हणजे फिल्मवर जे उमटलंय ते सगळं उतरवून घेणं आणि नसलेलं काही न घालणं.

दुसरी गोष्ट पिढीची, म्हणजे हातातली फिल्म मूळ आहे की प्रतीची प्रत. मूळ कॅमेरा निगेटिव्ह मिळालं तर अर्धी लढाई तिथेच जिंकली. इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नच्या मिचेल आणि केनियन यांची आठशेच्या आसपास निगेटिव्ह १९९४मध्ये एका दुकानाच्या तळघरात धातूच्या पिंपांत सापडली. गिरणीतून सुटणाऱ्या कामगारांचे चेहरे त्यांत इतके स्वच्छ दिसतात, ते ती मूळ निगेटिव्ह असल्यामुळे. उलट अमेरिकेतल्या कित्येक सुरुवातीच्या रस्त्यांच्या फिती उरल्या त्या कॉपीराइटसाठी जमा केलेल्या कागदी प्रतींच्या रूपात. त्यांवरून पुढे १६ मिमीच्या प्रती निघाल्या आणि नेटवर फिरतात त्यांतल्या बऱ्याच तिथून आलेल्या आहेत. कागदाचे तंतूही चित्रात उतरलेत. तिथे कुठलंही सॉफ्टवेअर तपशील परत आणू शकत नाही.

पुनरुज्जीवनाच्या ज्या टप्प्याचं काम ज्याला ठाऊक आहे त्याने त्यावर इथे सविस्तर लिहावं.

कृष्णधवल

डब्यापासून सुरुवात करतो.

आधी रुंदी मोजा. ३५ मिमी असेल आणि १९५०च्या आसपासची किंवा त्याआधीची असेल तर नायट्रेट, म्हणजे झटकन पेट घेणारी फिल्म असू शकते; सहज न पेटणारी ती सेफ्टी. कडेला 'नायट्रेट' किंवा 'सेफ्टी' छापलेलं असतं, पण त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. प्रत काढताना मूळ फिल्मच्या कडेची अक्षरंही नव्या फिल्मवर उतरतात, त्यामुळे सेफ्टी प्रतीवर 'नायट्रेट' आणि नायट्रेटवर 'सेफ्टी' दोन्ही सापडू शकतं. तुकडा जाळून बघायची जुनी पद्धत अजिबात नको. नायट्रेट जळताना स्वतःच ऑक्सिजन सोडतं, पाण्याखालीसुद्धा विझत नाही. जानेवारी २००३मध्ये पुण्यात नायट्रेटच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या चित्रपटांचा मोठा साठा गेला. शंका आली की डबा गार, हवेशीर जागी ठेवायचा, कुरियरने पाठवायचा नाही आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या जाणत्या ठिकाणी आधी विचारायचं.

घरगुती १६ मिमी (१९२३पासून) आणि ८ मिमी (१९३२पासून) फिल्म सुरुवातीपासून सेफ्टीच. तिथे शत्रू वेगळा. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर अॅसिटेटचा पाया, म्हणजे चित्राचा थर ज्यावर असतो ती प्लास्टिकची पट्टी, सडायला लागलाय. मोजायला आम्लदर्शक पट्ट्या मिळतात: निळ्या असतात, आम्ल वाढलं की हिरव्या आणि मग पिवळ्या होतात. पातळी ० ते ३. दीडच्या पुढे सडण्याचा वेग आपोआप वाढत जातो, कारण सुटलेलं आम्लच पुढची क्रिया घडवतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात हे सगळ्यात लवकर होतं. असं रीळ इतरांपासून वेगळं करा, भोकं असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा आणि स्कॅनच्या रांगेत पहिलं लावा. चुंबकीय ध्वनिपट्टी असलेली सुपर ८ आणखी लवकर जाते, पट्टीतलं लोहभस्म ही क्रिया वाढवतं.

मग आकसणं मोजायचं. १६ मिमीच्या कॅमेरा फिल्ममध्ये एका छिद्रापासून पुढच्या छिद्रापर्यंतचं अंतर साधारण ७.६ मिमी. जुन्या फिल्मचा सरळ तुकडा त्याच प्रकारच्या नव्या फिल्मशेजारी ठेवून १०० छिद्रं मोजा. नव्याची शंभर छिद्रं ७६० मिमीच्या आसपास भरतात. जुनी साडेसात मिमीने कमी भरली तर ती एक टक्का आकसली आहे. ०.८ टक्क्याच्या पुढे प्रोजेक्टरला लावली की दात छिद्रं फाडत जातात. एक टक्क्याच्या पुढे दातेरी चाकांचा स्कॅनरही नको.

बुरशी असेल तर पाणी लावायचं नाही. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि बुरशीबरोबर चित्रही निघून येतं. कोरड्या हवेत बुरशी निष्क्रिय होऊ द्या, मग मऊ कोरड्या कापडाने हलक्या हाताने. मास्क लावून.

पेठकर

कृष्णधवल, छान माहिती. घरगुती ८ मिमीच्या बाबतीत एक सरळ प्रश्न. रीळ प्रोजेक्टरवर लावून भिंतीवरचं चित्र मोबाइलवर घेतलं तर काय बिघडतं? पुण्यात पानशेतच्या पुराआधीची, म्हणजे १२ जुलै १९६१च्या आधीची नदीकाठची अशी रिळं कुणाकुणाकडे असतील. प्रत्येकाला स्कॅनरचा खर्च झेपेलच असं नाही.

निशिगंध

पेठकर, पहिलं बिघडतं ते रीळच. आधीच्या पोस्टीत आलंय तसं, फिल्म पुढे ओढणारा प्रोजेक्टरचा पंजा आकसलेल्या फिल्मची छिद्रं फाडतो. जुने जोडही सुटतात: टेप वाळून चिकटपणा गेलेला असतो आणि सिमेंटचे (फिल्मच्या खास डिंकाचे) जोड ठिसूळ होतात. जोड सुटून फिल्म दारात, म्हणजे दिव्यासमोरच्या चौकटीत, अडकली की दिव्याच्या उष्णतेने ती फ्रेम वितळते.

दुसरं, लुकलुक. सेकंदाला सोळा फ्रेमच्या गतीवर तीन पात्यांचा शटर सेकंदाला ४८ वेळा प्रकाश सोडतो आणि मोबाइल ३० फ्रेम घेतो. दोघांचा मेळ बसत नाही, म्हणून चित्र धडधडतं. शिवाय मधोमध उजेडाचा डाग, कडा काळवंडलेल्या आणि प्रोजेक्टरच्या दारात कापली गेलेली चौकट. नंतर कितीही साफसफाई केली तरी कॅमेऱ्याने प्रत्येक फ्रेम एकदाच, स्वच्छ टिपलेलीच नसते.

पैसे कमी असतील तर सगळी रिळं वाईट पद्धतीने करण्यापेक्षा त्यातलं महत्त्वाचं एक नीट करा. लांबीचा अंदाज असा. सुपर ८चं ५० फुटी रीळ म्हणजे ३६०० फ्रेम, अठराच्या गतीने ३ मिनिटं २० सेकंद. साध्या ८ मिमीचं तेवढंच रीळ ४००० फ्रेम, सोळाच्या गतीने ४ मिनिटं १० सेकंद. १६ मिमीचं १०० फुटीही ४००० फ्रेमचंच.

स्कॅनिंगवाल्याला हे ठरवून सांगायचं:

स्कॅनर दात नसलेला, रोलरवर चालणारा आणि छिद्र कॅमेऱ्याने ओळखून फ्रेम लावणारा हवा. प्रत्येक फ्रेमला एक चित्र, गती नंतर ठरेल. फ्रेमच्या बाहेर छिद्रं आणि कडेची अक्षरं दिसतील इतकं रुंद घ्यायचं. ही सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट आहे. छिद्र दिसत असलं तर नंतर स्थिरीकरण छिद्राच्या आधाराने करता येतं. ते नसलं की सॉफ्टवेअर चित्रातल्या एखाद्या इमारतीला धरतं आणि हातात धरलेल्या कॅमेऱ्याची खरी हालचालही मारून टाकतं. कोडॅकच्या फिल्मच्या कडेला गोल, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात, त्यावरून फिल्म कोणत्या वर्षी बनली ते कळतं. मात्र खुणा दर वीस वर्षांनी फिरून येतात, म्हणजे १९२७, १९४७ की १९६७ हे चित्रातल्या पुराव्यावरून ठरवावं लागतं.

१६ मिमीला दोन-के (सुमारे दोन हजार बिंदू रुंद चित्र) पुरतं, ३५ मिमीच्या मूळ निगेटिव्हला चार-के. दहा बिटच्या डीपीएक्समध्ये (दर फ्रेमची वेगळी चित्रफाइल) दोन-केची पूर्ण फ्रेम साधारण १२.७ एमबी होते, म्हणजे १०० फुटी १६ मिमीचे ५१ जीबी. तेवढी जागा तयार ठेवा. आपोआप शार्प करणं आणि फिल्मचे कण काढणं दोन्ही बंद ठेवायला सांगा. एकदा भाजून काढलेलं परत कच्चं होत नाही.

ओरखड्यांबद्दल. पडद्यावर जो 'पाऊस' पडतो तो बहुधा पायाच्या बाजूच्या ओरखड्यांचा असतो. वेट गेटमध्ये फिल्म पायाच्याच अपवर्तनांकाच्या आसपासच्या द्रवातून जाते, द्रव ओरखड्यात भरतो आणि रेघ नाहीशी होते. इमल्शनच्या, म्हणजे चित्राच्या थराच्या बाजूने खरवडलं असेल तर चित्रच निघून गेलंय, तिथे द्रवाचा उपयोग नाही. कृष्णधवल फिल्मसाठी 'इन्फ्रारेडने धूळ काढून देतो' असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. कृष्णधवल चित्र चांदीचं असतं आणि चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे यंत्राला चित्र आणि धूळ सारखीच दिसतात. कोडाक्रोम या कोडॅकच्या रंगीत फिल्मचीही तीच अडचण.

मंदगती

गतीवर लिहितो, कारण 'जुन्या काळी माणसं तुरूतुरू चालायची' हा समज केवळ चुकीच्या गतीने आलेला आहे.

हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात एका फेऱ्याला आठ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा. हे झालं पुस्तकातलं. प्रत्यक्षात १४ ते २२ काहीही सापडतं आणि एकाच रिळात बदलतं, कारण फिल्म वाचवायला किंवा उजेड कमी पडला म्हणून हात हळू व्हायचा. म्हणून प्रत्येक शॉटची गती वेगळी काढावी लागते.

पावलं मोजा. गावात सहज चालणारा मोठा माणूस मिनिटाला साधारण १०० ते १२० पावलं टाकतो. समजा एका माणसाच्या दहा पावलांना ९० फ्रेम लागल्या. ११०चा दर धरला तर दहा पावलं म्हणजे साधारण ५.४५ सेकंद, आणि ९० भागिले ५.४५ म्हणजे साडेसोळा. एकाच माणसावर थांबू नका, पाच-सहा जणांचा मध्य घ्या. मुलं, डोक्यावर ओझं असलेले हमाल आणि हातगाडी ओढणारे वगळा, त्यांची लय निराळी असते.

पडताळायला पडणारी वस्तू शोधा. एक मीटर पडायला ०.४५ सेकंद लागतात, म्हणजे सोळाच्या गतीला सात फ्रेमच्या आसपास. मशकेतून सोडलेलं पाणी, गाडीवरून टाकलेलं पोतं, काहीही चालतं. घड्याळाचा मनोरा दोन शॉटमध्ये असेल तर त्याचा उपयोग नाही, मध्ये कॅमेरा किती वेळ थांबला हे कळत नाही.

आता ती गती आजच्या पडद्यावर बसवायची कशी? सोळा फ्रेम २४मध्ये घातल्या की एक फ्रेम एकदा, पुढची दोनदा असा लंगडा ताल येतो आणि ट्राम सरकताना अडखळते. पन्नासच्या फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम तीनदा घाला: १६.६७ची गती मिळते, ताल समान राहतो आणि एकही नवी फ्रेम बनवावी लागत नाही. वीसची गती असेल तर साठमध्ये तीनदा. इतकं सोपं उत्तर हाताशी असताना लोक दोन फ्रेमच्या मधल्या नव्या फ्रेम यंत्राकडून का बनवून घेतात ते मला पटत नाही.

खडीसाखर

मंदगती, थोडा विरोध करते. ज्यांनी कधी मूकपट पाहिलेला नाही त्यांना मधल्या फ्रेम घातलेली फीत जवळची वाटते. ल्यूमिएरची आगगाडी किंवा स्वीडिश कंपनीने १९११मध्ये घेतलेलं न्यूयॉर्क लाखो लोकांनी पाहिलं ते त्या गुळगुळीत हालचालीमुळेच. त्यातून एखादा मूळ प्रतीकडे वळला तर वाईट काय? फक्त पद्धत नीट हवी.

आधी लुकलुक काढायची, कारण उजेड फ्रेमगणिक बदलत असेल तर हालचाल ओळखणारी सगळी साधनं फसतात. मग स्थिरीकरण, मग धूळ, मग ओरखडे आणि अगदी शेवटी मधल्या फ्रेम. धूळ राहिली तर यंत्र तो ठिपका सरकवत नेतं आणि आकाशात माशा उडाल्यासारख्या दिसतात. शॉट बदलतो तिथे आणि मूळच्या काही फ्रेम गहाळ असलेल्या जोडाच्या जागी फाइल आधी तोडायची, नाहीतर एक चेहरा दुसऱ्यात वितळतो. चाकांचे आरे, जाळीची कुंपणं आणि एकमेकांना ओलांडणारे पाय इथे ते हमखास चुकतं. चालणाऱ्याचे गुडघे फ्रेम थांबवून बघा, कधी तीन पाय दिसतात. असे तुकडे हाताने शोधून तिथे साध्या पुनरावृत्त फ्रेम ठेवायच्या.

धूळ काढतानाही हात राखून. आपोआप धूळ काढणारं साधन एकाच फ्रेममध्ये दिसणारी गोष्ट घाण समजतं. मग उडालेलं कबूतर, उसळता चेंडू, पावसाचे थेंब, गाडीवानाच्या चाबकाचं टोक, सगळं जातं. काढलेल्या ठिपक्यांचा वेगळा थर करून एकदा नुसता तोच चालवून पाहायचा. त्यात पंख दिसले की त्या शॉटची तीव्रता कमी करायची.

चौकटवाला

खडीसाखर, तुमचा क्रम योग्य आहे. मधल्या फ्रेम घातलेली प्रत वेगळी ठेवली आणि तसं तिच्यावर लिहिलं तर माझी हरकत नाही. चित्र मोठं आणि स्पष्ट करणाऱ्या एआयच्या मात्र मी ठाम विरोधात आहे. मॉडेल चेहरा 'सुधारतं' तेव्हा ते शिकवलेल्या चेहऱ्यांतून एक तयार करून तिथे बसवतं. गिरणीच्या दारातून बाहेर पडणाऱ्या त्या बाईचा तो चेहरा नव्हे.

आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांवर हे उघड दिसतं. मुंबईच्या रस्त्यावर एका फ्रेममध्ये इंग्रजी, मराठी, गुजराती आणि उर्दू पाट्या असतात. पुसट देवनागरी पाटीवर शिरोरेषा तेवढी जाडजूड करून खाली अक्षरांसारखी दिसणारी वेटोळी काढली जातात. मूळ स्कॅनमध्ये 'भांडार' हा शब्द डोळे बारीक करून वाचता येत होता, मोठ्या केलेल्या प्रतीत तो कायमचा गेला. पाटी वाचायची असेल तर उलट करा: पाटी स्थिर दिसते अशा आठ-दहा लागोपाठच्या फ्रेम एकावर एक जुळवून त्यांची सरासरी काढा. फिल्मचे कण दर फ्रेमला वेगळे असल्याने ते एकमेकांत विरतात आणि अक्षर वर येतं. यात नवं काहीच घातलेलं नाही.

कृष्णधवल

रंगांचं थोडक्यात. १९२०च्या दशकाच्या मध्यापर्यंत सर्रास वापरली जाणारी फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती, तिला लाल दिसतच नाही. लाल कुंकू काळं येतं, निळं आकाश पांढरं पडतं. जुन्या मुंबईचा पोलीस घ्या: निळा गणवेश, पिवळी टोपी. ऑर्थोवर निळा अपेक्षेपेक्षा फिका आणि पिवळा गडद उमटतो. रंग भरणारं यंत्र करड्या छटेवरून अंदाज बांधतं आणि फिक्या कपड्यांवर तपकिरी टोपी घालून मोकळं होतं. गणवेशाची लेखी नोंद हाताशी असताना यंत्राचा अंदाज कशाला?

मूळ रंगीत फिल्म असेल तर ती कोणती ते पाहा. कोडाक्रोम अंधारात ठेवलेली असेल तर रंग जवळजवळ तसेच राहतात. ईस्टमनकलरच्या जुन्या प्रती गुलाबी पडतात, कारण सायन रंगद्रव्य आधी उडतं. तिथे तिन्ही थर वेगळे स्कॅन करून दुबळा थर वर आणायचा असतो, नुसता हिरवा वाढवून भागत नाही.

पेठकर

तारखेचं काय? डब्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर मुंबईची फीत कोणत्या वर्षांमधली ते कसं बांधायचं?

ट्रामरूळ

पेठकर, मुंबईपुरतं तरी हे बऱ्यापैकी जमतं. 'याच्या आधीची नाही' आणि 'याच्या नंतरची नाही' अशा दोन खुंट्या ठोकायच्या आणि त्या जवळ आणत जायच्या.

ट्राम सगळ्यात भरवशाची. घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ला सुरू झाली. विजेची ७ मे १९०७ला, म्हणजे रस्त्यावर ट्रामची तार दिसली की फीत त्यानंतरची. दुमजली ट्राम १९२०पासून. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री धावली. मोटारबस १५ जुलै १९२६पासून, दुमजली बस १९३७पासून. एकाच चौकटीत ट्राम आणि दुमजली बस असेल तर १९३७ ते १९६४ इतकी खिंड लगेच मिळते. नुसते रूळ पाहून मात्र फसू नका, ट्राम बंद झाल्यावरही रूळ रस्त्यात राहतात.

मग पुतळे आणि इमारती. गेटवे १९२४ला खुला झाला. त्याच्यासमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा असेल तर २६ जानेवारी १९६१नंतरची. काळा घोडा चौकात घोड्यावरच्या स्वाराचा जुना पुतळा असेल तर १९६५पर्यंतची, नंतर तो पुतळा राणीच्या बागेत गेला. रीगल १९३३चं, ईरॉस आणि मेट्रो १९३८ची.

त्याहून बारीक पुरावा भावाच्या पाट्यांवर मिळतो. दशमान नाणी १ एप्रिल १९५७पासून आली आणि पाट्यांवर 'न. पै.' लिहू लागले. १ जून १९६४पासून 'नवा' शब्द गळाला. म्हणजे 'न. पै.'ची ताजी रंगवलेली पाटी दिसली की सात वर्षांची चौकट पक्की. आण्यांच्या पाटीवर तेवढा भरवसा नको, जुन्या पाट्या दुकानदार वर्षानुवर्षे उतरवत नाहीत.

सगळ्यात नेमकी तारीख सिनेमाच्या पोस्टरवरून मिळते. चित्रपटाचं नाव वाचता आलं की त्या काळच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातींत तो कोणत्या थेटरात, कोणत्या आठवड्यात होता ते सापडतं. मात्र जुने चित्रपट पुन्हा लागत, त्यामुळे नुसतं प्रदर्शनाचं वर्ष पुरत नाही. थेटर आणि आठवडा दोन्ही जुळायला हवेत.

आणि हे करण्याआधी फीत उलटी तर स्कॅन झाली नाही ना ते बघा. पाट्या वाचता येत नसतील तर वाहनं कुठल्या बाजूने जातात ते पाहा. गिरगावात बस उजवीकडून चालली असेल तर फिल्म उलट्या बाजूने लागली आहे.

निशिगंध

ट्रामरूळ, ही पोस्ट जपून ठेवली. एक भर: तारखेचा प्रत्येक पुरावा फ्रेम क्रमांकासह लिहून ठेवावा. 'फ्रेम २३१४, डावीकडे, न. पै.' असं. फाइलची गती बदलली की मिनिट-सेकंद बदलतात, मूळ स्कॅनचा फ्रेम क्रमांक बदलत नाही.

खडीसाखर

आवाजाबद्दल कुणी लिहिलं नाही. मूक फितीवर टापा आणि घंटा लावायच्या असतील तर त्या वेगळ्या ध्वनिपटावर ठेवा, चित्राच्या मूळ फाइलमध्ये नको. आणि पाहून लावा: विजेच्या ट्रामवर टापांचा आवाज ऐकू येणाऱ्या फिती नेटवर आहेत.

१६ मिमीला एकाच बाजूला छिद्रं असतील तर दुसऱ्या कडेला ध्वनिरेषा असण्याची शक्यता आहे. स्कॅनच्या आधी तिथे भिंगाने बघा. वळणावळणाची किंवा कमी-जास्त काळी पट्टी दिसली तर मूळ आवाज आहे, आणि तो उतरवून घेणारा स्कॅनर वेगळा सांगावा लागतो.

चौकटवाला

शेवटी फाइलींचं. तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: हात न लावलेला स्कॅन, साफ केलेली प्रत आणि नेटवर टाकायची प्रत. स्कॅनच्या डीपीएक्स एफएफव्ही१ या व्हिडिओ प्रकारात बांधल्या तर एकही बिट न गमावता जागा बरीच वाचते. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा) मजकुराच्या फाइलमध्ये लिहा आणि वर्षातून एकदा ताडून पाहा. दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावात. नेटवरच्या प्रतीच्या वर्णनात मूळ फिल्म कोणती आणि कोणाकडे आहे, गती किती धरली, मधल्या फ्रेम घातल्या का, रंग आणि आवाज मूळचे की नंतरचे, एवढं लिहा. साडेचार ओळी होतात.

आणि स्कॅन झालं म्हणून रीळ टाकून देऊ नका. नवं लीडर (सुरुवातीची कोरी पट्टी) जोडा, फार घट्ट न गुंडाळता हवेशीर डब्यात आडवं ठेवा, माळ्यावर नको. पुढच्या पावसाळ्याआधी पुन्हा आम्लपट्टी लावून आकडा डब्यावर तारखेसह लिहा.